हेलियमचा शोध विजयदुर्गला लागला का?

प्रश्न: विजयदुर्गला 'साहेबाचे कट्टे' दाखवून गाईड सांगतात की १८६८ ला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने इथून ग्रहण बघून हेलियम शोधला. खरंय का?

उत्तर: गोष्ट भारी आहे पण तारखा जुळत नाहीत हो! १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला नॉर्मन लॉकयर भारतात नव्हताच, गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन. लॉकयर म्हणजे वॉर ऑफिसातला कारकून, आकाश बघायचं ते नोकरी सांभाळून. त्याने २० ऑक्टोबरला इंग्लंडातूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट (प्रकाशाचे सुटे केलेले रंग; त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या) पाहिला आणि त्यात एक पिवळी रेघ होती, सोडियमच्या जोडरेघांच्या अगदी शेजारी, ५८७.५ नॅनोमीटरला, पण सोडियमची नाही. मग हे नवीनच मूलद्रव्य (तेच हेलियम) असणार असं तो म्हणाला, लोकांनी बरीच वर्षं मनावर घेतलं नाही, शेवटी १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला तोच वायू पृथ्वीवरच्या खनिजात सापडला.

विजयदुर्गला लॉकयर आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर 'नेचर' हे विज्ञानाचं साप्ताहिक सुरू करून त्याला जवळपास तीस वर्षं झाली होती (ते अजून निघतंय).