जळगावहून कमी खर्चात घरच्यांना डोंगरातली रेल्वे कशी दाखवावी?

तुम्ही विचारलंय की घरात पाच माणसं आहेत, त्यात आठ आणि चार वर्षांची दोन मुलं आणि सत्तरीची आई. सगळ्यांना घाटातल्या रेल्वेत बसवायचंय, पण दार्जिलिंग-उटी परवडत नाही.

माथेरानला जा, तिथे नेरळहून छोटी गाडी डोंगर चढून जाते. जाताना रात्रीची गाडी धरा आणि येताना कल्याण-इगतपुरीच्या मधला कसारा घाट दिवसाउजेडी लागेल अशी. एका खेपेत डोंगरातल्या दोन रेल्वे होतात, आणि दुसरीसाठी वेगळा पैसाही लागत नाही.

मी पाचोऱ्याचा. पाचोरा-जामनेर 'पीजे'त बसत लहानाचा मोठा झालो. तिच्या दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर होतं, नेरळ-माथेरानची लाइन त्याहून अरुंद, दोन फुटी. पीजे बंद पडल्यावर मुलांना छोटी गाडी दाखवायची कुठे, हा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसलो.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एक चूक केली, ती तुम्ही करू नका. दिवाळीची सुटी, त्यात रविवार. नेरळला पोचलो तर रांग स्टेशनाबाहेर आलेली. या गाडीची तिकिटं नेरळच्या खिडकीवर, गाडी सुटायच्या थोडं आधी देतात, आणि डबे इनमीन काही. आमच्या पुढेच जागा संपल्या. मुलगी रडायलाच लागली. शेवटी टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. तिथून पुढे टॅक्सी जात नाही, पण जवळच अमन लॉज स्टेशन आहे आणि तिथून माथेरानपर्यंत शटल गाडी धावते. तीनेक किलोमीटरचा प्रवास, तोही झाडीतून. मुलीचं रडं थांबलं, पण खरा घाट चुकला.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत मंगळवारी गेलो. जळगावहून रात्री निघून पहाटे कल्याण, तिथून कर्जतकडची लोकल धरून नेरळ. बायकोला आणि मुलांना बाकावर बसवून मी आधीच रांगेत उभा राहिलो. सकाळच्या गाडीत सगळ्यांना जागा मिळाली. एकवीसेक किलोमीटरला अडीच तासांहून जास्त वेळ लागतो. हळू म्हणजे इतकी हळू की खिडकीतून दिसणारं झाड नीट बघून होतं. जुम्मापट्टी, मग वॉटर पाइप, मग अमन लॉज. वाटेत एकच बोगदा लागतो, त्याला 'वन किस टनल' म्हणतात. मुंबईचे उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने पदरचा पैसा घालून ही लाइन बांधली आणि १९०७ मध्ये ती सुरू झाली. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर. गाडी इतक्या अवघड वळणांनी चढते की मागच्या डब्यातून स्वतःचंच इंजिन समोर दिसतं. माझी आई खिडकीशी बसली होती. दरी उघडी पडली तशी ती हळूच म्हणाली, "माय वं, कितलं खोल शे!" आणि पुढचा अर्धा तास एक शब्द बोलली नाही.

मुक्काम एकच रात्र करा, आणि तो सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव चढतात. माथेरानच्या हद्दीत शिरताना नगरपालिकेचा कर भरावा लागतो, त्याचे सुटे पैसे जवळ ठेवा. खाण्याचा खर्च वाचवायचा तर आपल्या दशम्या आहेतच. दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थोडा ठेचा असला की दोन दिवस बाहेर खायची गरज फारशी पडत नाही. केळी मात्र हातात धरून फिरू नका. रावेरची असोत की यावलची, माथेरानची माकडं पिशवीसकट ओढून नेतात.

दुसऱ्या दिवशी खाली उतरताना मी मुद्दाम घाटातली छोटी गाडी घेत नाही. ती दुपारी निघते, आणि तिच्यावर राहिलं तर कल्याणहून पुढची गाडी अंधारातच मिळते. म्हणून सकाळी शटलने अमन लॉज, दस्तुरीहून टॅक्सी भरून नेरळ, लोकलने कल्याण. तिथून दुपारी भुसावळकडे जाणारी गाडी धरायची. जळगावला थांबते ना, तेवढं आधी बघून घ्या.

आता खरा कसारा घाट. कसारा ते इगतपुरी जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटर. चढ असा की ३७ मीटर पुढे गेलं की रूळ एक मीटर वर जातो. म्हणून कसाऱ्याला बहुतेक गाड्यांच्या मागे जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. मुलांना फलाटावर नेऊन ती जोडताना दाखवायचा मोह होईल, पण उतरू नका, गाडी कधी सुटेल सांगता येत नाही. खिडकीतूनच दाखवा. हा मार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. इतका जुना बोगदा आणि दगडी बांधकाम आपल्या रोजच्या प्रवासात आहे आणि आपण त्या वेळी झोपलेले असतो, याचं मला फार वाईट वाटतं. पावसाळ्यात तर या घाटात पांढऱ्या धारांनी कडे भरून जातात. मात्र पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, शटल तेवढी चालू. तेव्हा तुमचे दिवस दिवाळीनंतर ते फेब्रुवारी धरा.

तिकिटाचं थोडं. चार वर्षांच्या मुलाला तिकीटच लागत नाही. आठ वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट, बर्थ हवा असेल तर पूर्ण. आम्ही मुलीला बायकोशेजारी झोपवून अर्ध्यावरच भागवलं. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, आईचं पूर्ण तिकीट धरा. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं. स्लीपर पुरे, थंडीत एसीची गरजच नाही.

धुळे-शिरपूरकडचं कोणी वाचत असेल तर त्यांना आणखी एक वाट आहे. पाताळपाणी ते कालाकुंड ही मीटरगेजची (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली) हेरिटेज गाडी २०१८ पासून चालते, महूजवळ, इंदूरच्या अलीकडे. आग्रा महामार्गाने सेंधवा ओलांडलं की सरळ रस्ता. तिची खरी मजा पावसाळ्यात, पाताळपाणीचा धबधबा भरलेला असताना. ती रोज नसते, म्हणून त्या वर्षीचे दिवस आधी बघूनच निघा. कालाकुंड स्टेशनवर पळसाच्या पानात कलाकंद मिळतो, तो घरी आणायला विसरू नका.

आईसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. माथेरानमध्ये लाल मातीची पायवाट आहे आणि चालावं बरंच लागतं. मुक्कामाची जागा स्टेशनाजवळ घ्या, मग पॉइंट बघायला तुम्ही मुलांना घेऊन गेलात तरी आईला बाजारपेठेत बसून गाड्यांची ये-जा बघता येते. माझ्या आईने दुपारभर तेच केलं.