वाचकांचे प्रश्न : उणे तापमानाच्या प्रदेशात ऊब कशी टिकवावी?

नाताळची सुटी जवळ आली की बर्फाळ प्रदेशांतील प्रवासाविषयीची पत्रे वाढतात. यंदा नाशिक आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्नांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पहिल्या उत्तरातील बहुतेक माहिती कोणत्याही अतिथंड प्रदेशाला लागू पडत असल्यामुळे ते मुद्दाम विस्ताराने लिहिले आहे.

प्रश्न : जानेवारीत आम्ही पती-पत्नी, दहा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई विमानाने लेहला जाणार आहोत. निफाडचा पारा पाच अंशांपर्यंत उतरला की आम्हाला इथे हुडहुडी भरते. तिथे तर रात्री उणे पंधरा-वीस अंशांच्या असतात असे ऐकतो. शरणपूर रस्त्यावरील तिबेटीयन मार्केटमधून प्रत्येकासाठी एक जाड जॅकेट आणि दोन स्वेटर घेतले आहेत. एवढे पुरेल का? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : आपण घेतलेले कपडे उपयोगी पडतील, परंतु त्यांच्या आत काय घालायचे आणि पायांत काय घालायचे, याचा विचार अजून व्हायचा आहे. जॅकेट, स्वेटर किंवा गोधडी यांपैकी कोणतीही वस्तू स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. उष्णता शरीराच्या आत, खाल्लेल्या अन्नातून आणि स्नायूंच्या हालचालीतून तयार होते. कपड्याच्या तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा ती बाहेर निसटू देत नाही, एवढेच. ही स्थिर हवा निकामी करणारे दोन शत्रू आहेत, एक वारा आणि दुसरा ओलावा. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे आतला बनियन घामाने भिजलेला असेल, तर त्यावर चढवलेले दोन स्वेटरही फारसे कामी येत नाहीत.

आपल्याकडे वर्षभर सुती कपडे घालण्याची सवय आहे आणि नाशिकच्या हवेत ती योग्यच आहे, कारण सूत घाम शोषून घेते. उणे तापमानात मात्र नेमका हाच गुण बाधतो. शोषलेला घाम सूत धरून ठेवते आणि शरीर विश्रांती घेऊ लागले की तो त्वचेला गारठवतो. म्हणून अगदी आतला थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा, अंगाला नीट बसणारा असावा. लोकर बराच ओलावा पोटात घेऊनही ऊब देत राहते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त थर्मलमध्ये बहुधा सुताचे प्रमाण मोठे असते, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय ते घेऊ नये. त्यावर आपले स्वेटर किंवा फ्लीस, आणि सर्वांत वर वारा अडवणारे जॅकेट, असा क्रम ठेवावा. वरचे जॅकेट इतके सैल हवे की आतले थर दाबले जाणार नाहीत, कारण दाबलेल्या लोकरीतील हवा निघून गेलेली असते. पिसांचे जॅकेट लडाखच्या कोरड्या थंडीत उत्तम. ते भिजले मात्र की त्यातील पिसे चिकटून बसतात आणि त्याची ऊब जवळजवळ संपते. वाऱ्याकडे दुर्लक्ष करू नये. तापमान उणे १० अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा वाहत असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे २० अंशांइतके बोचते.

थर घालण्याइतकेच ते वेळेवर काढणेही महत्त्वाचे आहे. शांती स्तूपाच्या पायऱ्या चढण्यापूर्वीच एक स्वेटर उतरवावा, म्हणजे घाम येणार नाही; आणि वर पोहोचल्याबरोबर, थंडी वाजू लागण्याची वाट न पाहता, तो पुन्हा अंगावर घ्यावा. लहान मुले खेळता खेळता घामेजतात आणि काही सांगत नाहीत, म्हणून मुलाच्या पाठीला अधूनमधून हात लावून ती कोरडी आहे ना, हे पाहावे.

आपण पत्रात बुटांचा उल्लेख केलेला नाही, आणि मला सर्वांत अधिक काळजी त्याचीच वाटते. खर्चाला मर्यादा असेल तर जॅकेटवर थोडे कमी खर्च करावे, पण बूट आणि हातमोजे यांत काटकसर करू नये. नेहमीच्या स्पोर्ट्स शूजमध्ये दोन जाड मोजे कोंबले की पाय आवळला जातो, रक्ताभिसरण मंदावते आणि एका मोज्यात गारठला असता त्यापेक्षाही लवकर पाय गारठतो. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक क्रमांक मोठे, जाड तळव्याचे घ्यावेत. जाड मोज्यासह पायाची बोटे आत हलवता आली पाहिजेत. लोकरी मोज्यांचा एक जोड केवळ झोपण्यासाठी कोरडा राखून ठेवावा. मुलासाठी पाच बोटांच्या हातमोज्यांऐवजी चारही बोटे एकत्र राहतील असे मोजे घ्यावेत, कारण एकमेकांना चिकटलेली बोटे परस्परांना ऊब देतात. आणखी एक विनंती आहे. आपण आणि सासूबाई जोडवी घालत असाल, तर प्रवासापुरती ती काढून ठेवावीत. हा भावनेचा विषय आहे याची मला पूर्ण जाणीव आहे; परंतु बोट गारठून सुजले तर जोडवे रक्तप्रवाह आवळते आणि त्या अवस्थेत ते काढणे अवघड होते. बोटांतील अंगठ्यांनाही हेच लागू आहे.

शरीरातील निम्मी उष्णता डोक्यावाटे जाते, हा समज खरा नाही. डोक्याचा पृष्ठभाग प्रौढ शरीराच्या सुमारे एक दशांश असतो आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. तरीही कान आणि नाक लवकर गारठत असल्यामुळे आपली जुनी माकडटोपी तिथे खरोखरच कामाची आहे. आहारात तीळ, गूळ, शेंगदाणे, तूप असलेले पदार्थ ठेवावेत. डिंकाचे लाडू सोबत न्यावेत आणि रात्री झोपण्यापूर्वी एखादा खावा, म्हणजे झोपेतही शरीराला इंधन मिळते. थंडीत तहान कळत नाही, परंतु तिथली हवा अतिशय कोरडी असल्यामुळे श्वासावाटे बरेच पाणी जाते. थर्मासमध्ये कोमट पाणी सतत जवळ ठेवावे.

थंडीइतकीच उंचीही विचारात घ्यावी लागेल. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर. ही चढण आपण विमानाने काही तासांत पार करणार आहात. पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. डोकेदुखी, मळमळ, चालताना तोल जाणे, बसल्या जागी धाप लागणे या लक्षणांना ‘थंडी बाधली’ असे म्हणून पांघरूण घेऊन पडून राहू नये; लेहच्या सोनम नोरबू स्मृती रुग्णालयात तत्काळ दाखवावे. थंडीने रक्तदाब वाढतो, म्हणून सासूबाईंची तपासणी तिकिटे काढण्यापूर्वीच करून घ्यावी आणि डॉक्टरांनी नको म्हटल्यास त्यांच्यासाठी वेगळ्या ठिकाणाचा बेत आखावा.

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही काही मित्र हिमबिबट्या पाहण्यासाठी स्पितीतील किब्बरला जात आहोत. मुक्कामाच्या खोलीत रात्रभर कोळशाची शेगडी पेटती ठेवली तर चालेल का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : नाही. खिडकी किंचित उघडी ठेवूनही नाही. बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाला गुंगी येते, ती गाढ झोपेसारखी वाटते आणि त्यातून तो उठत नाही. किब्बर ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर असल्यामुळे तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो, म्हणजे शरीराला प्राणवायू आधीच कमी मिळत असतो. हिमालयात घरोघरी असणारी बुखारी वेगळी, कारण तिचा धूर नळकांड्यातून घराबाहेर जातो. तरीही झोपण्यापूर्वी ती विझवलेलीच बरी. हीच दक्षता मोटारीतही घ्यावी. बर्फात गाडी अडकली आणि धूर सोडणारी नळी बर्फाने बुजली, तर चालू इंजिनाचा वायू आत शिरतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या मोटारींमध्ये वीसहून अधिक पर्यटक दगावले, त्यांतील काही मृत्यूंमागे हाच वायू असल्याचे मानले गेले.

रात्रीच्या उबेसाठी अंगाखाली अधिक अंथरावे, कारण देहाच्या भाराने खालचे अंथरूण दबते आणि जमीन उष्णता खेचत राहते. दिवसभर वापरलेले कपडे बदलून कोरडे घालावेत. गरम पाण्याची घट्ट झाकणाची स्टीलची बाटली लोकरी मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायांपाशी ठेवावी. ती कित्येक तास ऊब देते आणि पहाटे पिण्यासाठी न गोठलेले पाणीही मिळते.

प्रश्न : अंबड येथील कारखान्यातर्फे मला जानेवारीत तीन आठवडे स्वीडनच्या उत्तर भागातील किरुना येथे जायचे आहे. इथून काय न्यावे? (एक अभियंता वाचक, सिडको)

उत्तर : आपल्याला लडाखपेक्षा वेगळ्या अडचणीला तोंड द्यावे लागेल. तिथल्या इमारती आतून चांगल्या तापवलेल्या असतात आणि बाहेर पारा उणे २० अंशांच्या खालीही जातो. तीन-चार थर घालून कचेरीत बसल्यास घाम येईल आणि तोच घाम बाहेर पडल्यावर गारठवेल. म्हणून आत एकच पातळ लोकरी थर ठेवून बाकीचे कपडे दाराशी झटकन काढता-घालता येतील असे निवडावेत. थर्मल, लोकरी मोजे आणि टोपी इथून न्यावी; बाहेरचे जॅकेट आणि बूट शक्य असल्यास तिथेच घ्यावेत, कारण तिथल्या दुकानदारांना त्या हवामानाची गरज नेमकी ठाऊक असते. कामाच्या ठिकाणी उघड्यावरील यंत्रांच्या धातूला मोकळ्या हाताने स्पर्श करू नये. जाड मोज्यांच्या आत पातळ मोजे घालावेत, म्हणजे स्क्रू फिरवण्यासाठी वरचे मोजे काढले तरी त्वचा उघडी पडणार नाही. मोबाइलची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, तो आतल्या खिशात ठेवावा.

सहकारी ब्रँडीचा आग्रह करतील का, असेही आपण विचारले आहे. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे अंग गरम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात शरीराच्या आतली उष्णता त्वचेवाटे अधिक वेगाने निघून जाते. बाहेर जायचे असताना ते घेऊ नये.

प्रश्न : माझे वडील मधुमेही असून इन्सुलिन घेतात. त्यांना गुलमर्गला नेताना कोणती काळजी घ्यावी? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : इन्सुलिन एकदा गोठले की निरुपयोगी होते, मग वितळल्यावर ते नेहमीसारखे दिसत असले तरी. म्हणून ते विमानात सामानाच्या कक्षात न देता हातातील पिशवीत ठेवावे आणि बाहेर फिरताना अंगाजवळच्या खिशात बाळगावे. वडिलांच्या पायांची संवेदना कमी झाली असेल, तर गारठा त्यांना जाणवणारच नाही; दररोज रात्री आपण स्वतः त्यांचे तळवे आणि बोटांमधील जागा उजेडात तपासावी. त्यांच्या पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नये, कारण भाजल्याचेही त्यांना कळणार नाही.

प्रश्न : बर्फात बोटे पांढरी पडून बधिर झाल्यास ती बर्फाने चोळावीत असे एका मार्गदर्शकाने सांगितले होते. हे योग्य आहे का? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : हा उपाय जुना आहे आणि तो हानिकारक आहे. गोठलेल्या पेशींमध्ये हिमकण तयार झालेले असतात. चोळल्याने ते आतल्या ऊतींना इजा करतात. बर्फाने नाही आणि हातानेही चोळू नये. केवळ बधिरता असेल तर हात काखेत धरून ठेवल्याने काही वेळात रंग परततो. बोट कडक आणि मेणासारखे फिकट झाले असेल, तर आसऱ्याच्या जागी पोहोचल्यावर ते ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे कोपराला कोमट लागणाऱ्या, पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावे. शेकोटीवर धरू नये. मात्र पुन्हा बर्फातून चालत जायचे असेल तर बोट वितळवूच नये, कारण वितळून पुन्हा गोठलेल्या बोटाचे नुकसान कितीतरी अधिक होते. सोबतचा माणूस अडखळत बोलू लागला, त्याला बटणे लावता येईनाशी झाली किंवा इतका वेळ चाललेली थरथर अचानक थांबली, तर बोटांकडे नंतर पाहावे. त्याच्या शरीराचे आतले तापमान घसरत आहे असे समजून त्याला वाऱ्यातून बाजूला न्यावे, ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळावे, शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय द्यावे आणि चालायला न लावता आडवे ठेवूनच रुग्णालयात हलवावे.