प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं, मग ख्रिस्ती लोक 'सत्य एकच' असं का म्हणतात? हा अहंकार नाही का?

तुमच्या वर्गातली ख्रिस्ती मैत्रीण 'सत्य एकच' म्हणाली आणि तुम्हाला ते खटकलं, असं तुम्ही लिहिलंय. मी नाशिकच्या शरणपूरचा, पिढीजात ख्रिस्ती. तेव्हा उत्तर एका बाजूचं आहे हे धरूनच वाचा.

नाशिकात कुठली मिसळ भारी, याला 'ज्याची त्याची आवड' हे उत्तर पुरतं. उपासनेत पेटीवर भजन म्हणावं की जुनं इंग्रजी चालीचं गीत, हेही त्यातलंच, जरी आमच्याकडे त्यावरून वर्षानुवर्षं अबोले चालतात. पण एखादी वागणूक न्याय्य की अन्याय्य, हे आवडीवर सोडून बघा काय होतं.

2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. इथली धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. वर्षानुवर्षं लढूनही दार उघडलं नाही. अडवणाऱ्यांकडे परंपरा होती, शास्त्राचे आधार होते, गावातल्या वजनदार लोकांचा पाठिंबा होता. 'प्रत्येक समाजाचं सत्य त्याच्यापुरतं' हे मान्य केलं, तर त्यांचं काहीच चुकलं नाही. उलट चालत आलेली रीत मोडणारे सत्याग्रहीच चुकले! तुम्ही असं म्हणाल? मी तर नाही म्हणणार. तो अन्याय होता, आणि सगळं गाव 'नाही' म्हणालं असतं तरी होताच. एवढं बोललो की आपण गावाच्या मतापेक्षा वरचं माप हातात घेतलेलं असतं. (हा लढा मी ख्रिस्ती खात्यावर मांडत नाहीये. बाबासाहेब 1956 मध्ये बौद्ध झाले, आणि ख्रिस्ती होऊनही जात सुटत नाही, यावर त्यांनी आमचे कान चांगलेच उपटलेत.)

विद्वानांचीही इथे अडचण झाली. 1947 मध्ये अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांना कळवलं होतं, की मूल्यं ज्या त्या संस्कृतीतून येतात, मग सगळ्या जगाला एकच हक्कांची यादी कशी लावणार? त्यामागे वसाहतवादाचा राग होता, आणि तो रास्तच होता. तरी 1948 मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा आला, आणि 1999 मध्ये त्याच संघटनेने हक्कांच्या बाजूने स्वतंत्र निवेदन काढलं.

आता अहंकाराचं. उद्धट ख्रिस्ती तुम्हाला भरपूर भेटतील, मलाही भेटतात. पण सत्य आपल्या बाहेर आहे असं मानणारा माणूस स्वतः चुकू शकतो. 'माझं सत्य' म्हणणाऱ्याला चुकायची सोयच नाही. आम्हाला आत्ता आरशात दिसावं तसं अंधुक दिसतं, कळतं तेही अर्धवट, हे येशूचा प्रेषित पौल यानेच करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिलंय. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1965 मध्ये सांगितलं, की इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. सत्य एकच आहे म्हणणं वेगळं आणि ते सगळं माझ्या खिशात आहे म्हणणं वेगळं.

मैत्रिणीशी वाद घालायचाच असेल तर अहंकारावर घालू नका, येशूच्या पुनरुत्थानावर, म्हणजे तो मेल्यावर पुन्हा जिवंत झाला यावर, घाला. ते झालं की नाही झालं, याला 'तुझ्यापुरतं झालं' असं तिसरं उत्तर नाही. झालं नसेल तर आमचा विश्वास फोल, हेही त्याच पत्रात पौलाने लिहून ठेवलंय.