आरशावरचा बर्फ

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक शुभाशीर्वाद.

कृष्णऊर्जेवर, म्हणजे विश्वाचे प्रसरण वेगवान करणाऱ्या अज्ञात कारणावर, काम करायचे तर आधी कोणता सिद्धांत वाचू, असे तू विचारलेस. सिद्धांत तू वाचशीलच. त्याआधी ‘युक्लिड’ दुर्बिणीच्या आरशावर साचलेल्या बर्फाची हकिगत वाच, असे मी आग्रहाने सांगेन.

युरोपीय अवकाश संस्थेने १ जुलै २०२३ रोजी सोडलेली ही दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. कृष्णद्रव्य दिसत नाही, पण त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वाकतो आणि त्यांचे आकार ताणलेले दिसतात. हा ताण जेमतेम एका टक्क्याच्या घरातला. शिवाय एखादी दीर्घिका मुळातच लांबट असू शकते. म्हणून दीड अब्ज दीर्घिकांचे आकार मोजायचे, त्यांच्या सरासरीतून कृष्णद्रव्याचा नकाशा काढायचा, आणि गेल्या १० अब्ज वर्षांत ते कसकसे एकवटत गेले यावरून कृष्णऊर्जेचा माग काढायचा, असा हा बेत आहे.

जमिनीवरून पाहताना वातावरणाच्या थरथरीत हे आकार पुसट होतात. अवकाशात ती अडचण नाही, पण दुसऱ्या आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ताऱ्यांचा प्रकाश हळूहळू कमी मिळतो आहे असे लक्षात आले. बांधणीच्या वेळी दुर्बिणीच्या भागांत मुरलेली बाष्पे आता सुटून आरशांवर गोठत होती; थर डीएनएच्या धाग्याइतका पातळ! सगळी दुर्बीण तापवली असती तर आरशांची जुळणी बिघडण्याची भीती होती. म्हणून मार्च २०२४ मध्ये एकच आरसा उणे १४७ अंशांवरून उणे ११३ अंशांपर्यंत आणला, आणि प्रकाश १५ टक्क्यांनी वाढला. मला हे काम कोणत्याही समीकरणाइतकेच मोलाचे वाटते.

म्हणून तू पहिले काही महिने दीर्घिकांना नव्हे, ताऱ्यांना दे. तारा हा बिंदू. प्रतिमेत तो जसा पसरतो, तो पसारा दुर्बिणीचा स्वतःचा असतो. तो वजा करता आला नाही, तर आरशाची खोड तू कृष्णद्रव्याच्या नावावर मांडशील.

प्रतिमा स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सवयही ठेव. १८८४ पासून माहीत असलेल्या एनजीसी ६५०५ या दीर्घिकेभोवतीचे आइन्स्टाइन वलय (मागच्या दीर्घिकेचा प्रकाश वाकून झालेले कडे) युक्लिडच्या चमूतले शास्त्रज्ञ ब्रुनो अल्टिएरी यांना प्रथम जाणवले ते मुद्दाम धूसर ठेवलेल्या चाचणीच्या प्रतिमेत.

मार्च २०२५ मध्ये खुल्या झालेल्या युक्लिडच्या विदेतून (डेटातून) एक प्रतिमा उतरवून घे, तिच्यातला एकच तारा निवड, आणि त्याची रुंदी दोन्ही दिशांनी मोजून मला कळव.

तुझा,
एक जुना निरीक्षक