एसटीपीच्या गाळात झाडांची रोपे वाढवता येतील का?

प्रश्न : आमच्या गृहसंकुलातील एसटीपीमधून (सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून) फिल्टर प्रेसने पिळून काढलेला गाळ नियमित निघतो. जवळच्या टेकडीवर लावण्यासाठी करंज, बहावा आणि कडुनिंबाची रोपे सोसायटीतच तयार करण्याचा आमचा विचार आहे. गाळ प्रक्रिया केलेलाच असल्यामुळे तो पिशव्यांत मातीऐवजी थेट भरला तर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : थेट भरू नये. एसटीपीमध्ये प्रक्रिया होते ती मुख्यतः पाण्यावर. त्यातून वेगळा काढलेला गाळ पिळला की त्याचे वजन आणि वास कमी होतो, पण त्यातील रोगजंतू आणि विशेषतः जंतांची चिवट अंडी तशीच राहतात. हा गाळ आधी कंपोस्ट करावा लागतो. त्यात नत्र (नायट्रोजन) भरपूर आणि कर्ब (कार्बन) त्या मानाने कमी असल्याने वाळलेला पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा सढळ हाताने मिसळावा, नाहीतर नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. अमेरिकेत 1993 पासून लागू असलेल्या नियमांनुसार उघड्या लांबट ढिगाचे तापमान किमान 15 दिवस 55 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक राहावे लागते आणि त्या काळात ढीग किमान पाच वेळा उलटावा लागतो. आपणही हेच प्रमाण धरावे, तापमापक वापरावा आणि हातमोजे घातल्याशिवाय गाळाला हात लावू नये. अहमदाबादला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानाने कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी पदार्थाच्या किरणांनी गाळ निर्जंतुक करतात. सोसायटीला अर्थातच ढिगाचीच उष्णता परवडणारी आहे.

उष्णतेने जंतू मरतात, जड धातू मात्र जात नाहीत. घरगुती सांडपाण्यात ते कारखानदारी असलेल्या शहराच्या गाळापेक्षा सहसा कमी असतात, तरी एकदा प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी दर किलोमागे कॅडमियम 5, शिसे 100, तांबे 300 आणि जस्त 1000 मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा दिल्या आहेत. त्या आपल्याला मापदंड म्हणून पुरेशा आहेत. याच तपासणीत क्षारतेचाही आकडा मागून घ्यावा, कारण कोवळी मुळे धातूंपेक्षा आधी क्षारांनी करपतात.

तयार कंपोस्टही पिशवीत एकटे भरू नये. बारीक कणांचा गाळ पाणी धरून ठेवतो, वाळला की आकसून घट्ट होतो आणि मुळांना हवा मिळत नाही. ब्राझीलमध्ये निलगिरीच्या आणि तेथील देशी झाडांच्या रोपांसाठी गाळ भाताच्या अर्धवट जाळलेल्या तुसात मिसळून रूट ट्रेनरमध्ये (रोपे वाढवण्याच्या खोलगट प्लास्टिक कप्प्यांत) भरतात, आणि काही प्रयोगांत गाळाचे प्रमाण निम्म्याहूनही अधिक ठेवले गेले आहे. परंतु तेथे प्रत्येक गाळाची तपासणी झालेली असते. आपण आकारमानाने एक चतुर्थांश गाळाच्या कंपोस्टपासून सुरुवात करावी आणि उरलेल्या भागात पोयटा माती व तूस किंवा कोकोपीट घालावे. बी वाळूच्या वाफ्यात रुजवून दोन-चार पाने आल्यावरच रोप पिशवीत हलवावे. गाळात पालाश (पोटॅश) फार थोडे असते, कारण ते पाण्याबरोबर वाहून जाते; थोडी लाकडाची राख घातली तर ही उणीव भरून निघते, पण सामू (पीएच) वाढू नये म्हणून ती बेतानेच घालावी.

आपण निवडलेल्या झाडांत एक मेख आहे. करंजाच्या मुळांवर हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या गाठी येतात आणि आयते नत्र जास्त मिळाले की त्या कमी धरतात, म्हणून करंजाच्या पिशवीत गाळाचे प्रमाण आणखी कमी ठेवावे. बहावा शेंगा धरत असला तरी त्याच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. तो आणि कडुनिंब या मिश्रणाचा चांगला फायदा घेतील. रोपे फार लुसलुशीत होऊ लागली, तर लागवडीच्या महिनाभर आधी पाणी हळूहळू कमी करून ती उन्हात काटक करावीत, कारण टेकडीवरच्या मुरमात लुसलुशीत रोप टिकत नाही. प्रत्येक जातीच्या काही पिशव्या नेहमीच्या शेणखत-मातीच्या ठेवल्या, तर पुढच्या वर्षी गाळाचे प्रमाण वाढवावे की घटवावे, हे आपल्याला तेथेच कळेल. भाजीपाल्याला किंवा कुंडीतल्या पुदिन्याला मात्र हे कंपोस्ट घालू नये.