विरुद्ध बाजूचं पान

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ग्रामसभेत लोहखनिजाच्या खाणींवर बोलण्यासाठी तू केलेलं टिपण वाचलं. तू खाणींच्या विरोधात आहेस. मीही बराचसा आहे. पण दुसऱ्या बाजूचं पान तू चार ओळींत उरकलंस, आणि त्याही फुंकरीने उडतील अशाच निवडल्यास. ते मला रुचलं नाही.

२०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या, आपल्या डिचोलीतल्याही, तेव्हा आमच्या शेजारच्या अंगणात खनिज वाहणारा टिपर ट्रक उभा राहिला. पावसाळा सरला तोवर त्याच्या चाकांवर वेल चढले होते. बँकेचा हप्ता मात्र थांबला नव्हता. त्याच घराच्या परसातल्या विहिरीला, खाण चालू असताना, मार्चपासूनच दोर पुरत नसे. भूजलाच्या खाली खणत जायचं आणि खड्ड्यातलं पाणी उपसत राहायचं, तर आसपासच्या विहिरी खाली जाणारच. दोन्ही बाजूंचे सर्वांत बळकट मुद्दे असे एकाच कुंपणाच्या आत होते. म्हणून टिपरवाल्याचं म्हणणं त्याच्याच सोप्यावर बसून ऐक, लिहून काढ आणि त्याला वाचून दाखव. ‘हेच म्हणायचंय मला’ असं तो म्हणाला, तरच पानावर ठेव.

मग क्रम. दहा जणांनी सांगितलेला एकच मुद्दा दहादा मोजू नकोस. मी प्रत्येक मुद्द्यापाशी थांबून स्वतःला विचारतो: उद्या हा खोटा ठरला, तर माझं मत बदलेल का? बदलणार असेल तर तो वर. ‘सर्वोच्च न्यायालयानेच खाणी बंद केल्या’ हा तू पहिला ठेवलायस. मी तो बराच खाली नेईन. २०१८च्या निकालाने ८८ लीजचं, म्हणजे खाणपट्ट्यांचं, नूतनीकरण बेकायदा ठरवलं, पण नव्याने लीज देण्याची वाट खुली ठेवली. त्याआधी २०१४मध्येही न्यायालयाने खणण्यावर वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली होती, कायमची बंदी नव्हे. लीज कशा दिल्या, याचा तो २०१८चा निवाडा, विहिरीचा नव्हे. आणि विहीर तू आठव्या क्रमांकावर टाकलीस!

आणखी एक. विहीर किती खाली गेली ते मोजता येतं. हप्ता मोठा की पाणी, हे मोजून ठरत नाही. ते दोन प्रश्न वेगवेगळ्या पानांवर घे.

रविवारी वही घेऊन ये. येताना शेजारच्या काकींना विचार, खाण थांबल्यावरच्या उन्हाळ्यांत दोर किती सोडावा लागला, पाऊस कसा होता. पाणी वर आलं नसेल, तर तेही लिही.

तुझा,
काका