माझा थ्रो ५०-६० मीटरच जाते, डिस्क गोल्फसाठी हलका ड्रायव्हर कोणता घेऊ?

भाऊ, ५०-६० मीटरच्या थ्रोवर १२-१३ स्पीडच्या ड्रायव्हरच्या (लांब फेकायच्या चकतीच्या) नादी लागू नको, स्पीडचा आकडा जेवढा मोठा तेवढी ती जोरात फेकावी लागते. तेवढा जोर हातातून निघतच नाही, मग डिस्क थोडी जाते न जाते तं डावीकडं वळून खाली पडते (उजव्या हातानं बॅकहँड फेकत असशील तर). ६-७ स्पीडचा फेअरवे ड्रायव्हर (कमी स्पीडचा, काबूत राहणारा) घे, १५० ते १६० ग्रॅमचा. इनोव्हा कंपनीचा लेपर्ड पहा, त्याचे आकडे ६, ५, -२, १ म्हणजे स्पीड, ग्लाइड (हवेत तरंगणं), टर्न (सुरुवातीचं वळण, वजा म्हणजे उजवीकडं), फेड (शेवटी डावीकडं वळणं), तुले टर्न वजामधला आणि फेड कमीच पाहिजे. वजन बहुतेक डिस्कच्या मागं पेनानं लिहिलेलं असते, ते पाहूनच घे, १७०-१७५ वाली सध्या राहू दे.

आता वाऱ्याचं. आमच्याकडं हरभरा निघाला की वावर मोकळं होते, मी तिथंच फेकतो, पण दुपारून वारा सुटला आणि तो समोरून असला की हलकी डिस्क उजवीकडं उलटून सरळ ढेकळात जाते, म्हणून सकाळून वारा पडलेला असतानाच प्रॅक्टिस कर. थ्रो ८० मीटरच्या वर जायला लागला की मंग ९ स्पीडचं पाहू.